चौदा रेघा, सव्वाअकराची भरती

आत्ता, हे टाइप करायला घेण्याआधी दहाच मिनिटं, रुबीनाने फोटो पाठवला. फोटोत एक जुनी फळी आणि फळीवर खडूच्या रेघा. बाकी काहीच नाही. ना ‘कशी आहेस’, ना एखादा हसरा चेहरा. मी पुण्यात, होस्टेलच्या खोलीत, पंखा गरम वारा ढवळतोय, समोर पुस्तक उघडं, आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून रेघा मोजतेय. एक, दोन, तीन... चौदा. चौदा! आणि मला एकदम सुक्या बोंबलांचा वास आला. खरंच आला, शप्पथ.

मे संपत आला, नाही का. नावा घरी यायचे दिवस.

रत्नागिरीबाहेरच्यांना हा सीझन माहीतच नसतो. त्यांना मे म्हणजे आंबा. पण आंब्याच्या पेट्या संपत येतात, करवंदं जाळीतच सुकायला लागतात, तेव्हा किनाऱ्यावर एक वेगळीच घाई सुरू होते. आठ-दहा महिने बाहेर जाणारी प्रत्येक नाव आता आत येते. जाळी उतरतात, इंजिनं उतरतात, नावा ओढून वर घेतात, नारळाच्या झापांनी नाहीतर निळ्या ताडपत्रीने झाकतात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. दुकान बंद व्हावं तसा बंद! एवढा अफाट समुद्र आणि त्याला शटर आहे, हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं.

कारण मी अलोऱ्याची. कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वाढले, बाबा तिथल्या शाळेत मास्तर. आमच्याकडचं पाणी डोंगराच्या पोटातून येतं, वीज करतं आणि निघून जातं. गेलं ते गेलं. पाणी परत येतं, दिवसातून दोनदा येतं, आणि कधी येणार हे चंद्राकडे बघून सांगता येतं, हे मी भूगोलात पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. पण पाठ असणं आणि राजिवड्याच्या धक्क्यावर पाय सोडून बसलेलं असताना पायाखालचा चिखल बघता बघता खाडी होणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी पहिल्या दिवशी तासभर तोंड उघडं टाकून बसले होते. रुबीना म्हणाली, “मिट ते. माशी जाईल.”

रुबीना माझ्या वर्गातली. तिचं घर राजिवड्यात, म्हणजे भाट्याच्या खाडीच्या काठी, पुलाच्या अलीकडे. तीन वर्षांपूर्वी एस. वाय.ची परीक्षा संपली आणि इतिहासाच्या सरांनी आम्हा दोघींना सुट्टीतला प्रकल्प दिला: मराठ्यांचं आरमार. मी उड्याच मारल्या. तोफा! लढाया! मी लगेच वहीत जहाजांची चित्रं काढायला बसले. सरांनी वही मिटली. म्हणाले, “तोफा किती होत्या ते कुणीही लिहील. मला एवढंच सांगा, भरती कधी येणार हे त्यांना कसं कळायचं? फोन बाजूला ठेवा, आणि स्वतः करून बघा.” मग त्यांनी एक हिशोब सांगितला. कोकणकिनाऱ्यावरचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. झालं. ना कागद, ना यंत्र, नुसता पाऊणकीचा पाढा!

मला तर वेडच लागायची वेळ आली. विचार करा ना. चंद्र तिकडे लाखो मैलांवर, आणि आपण इकडे बोटं मोजून सांगतोय की दुपारी तू एवढं पाणी उचलणार. आणि तो उचलतो!

तर मी बाबांची परवानगी काढून बारा दिवस रुबीनाकडे राहायला गेले. तिची अम्मी मला रोज ‘बारीक झालीस’ म्हणून नारळाच्या रसातलं सांदण खाऊ घालायची. आणि रुबीनाचे अब्बा, म्हणजे इब्राहीम नाखवा, ओटीवर हिरवट काळा गॉगल लावून बसलेले असायचे. नाखवा म्हणजे नावेचा मालक. मी त्यांना चाचा म्हणायचे आणि ते मला मास्तरीण. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, आणि डावा डोळा आपल्या नंबराची वाट बघत होता. त्यामुळे चाचांना माणूस आवाजावरून कळायचा आणि वारा कानावरून.

त्यांच्या नावेचं नाव रहमत. लाकडी, छोटी, चार माणसांची, एक खोकणारं इंजिन. सीझनभर ती मिरकरवाड्याच्या बंदरात असायची, कारण भाट्याच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा साचलाय. पाण्याखाली लपलेली वाळूची भिंतच म्हणा. ओहोटीला त्याच्यावर गुडघाभरही पाणी नसतं. मोठ्या भरतीच्या ऐन माथ्यावरच नाव त्याच्यावरून सरकते. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या मोठ्या उधाणाला रहमत वळसा घालून आत आणायची, आणि त्याच पाण्याने राजिवड्याच्या काठावर पार वर चढवायची. ते उधाण चुकलं तर पुढच्या उधाणापर्यंत पावसाळी वारा सुटतो, आणि बाहेर राहिलेली छोटी नाव जूनमध्ये लाकूड होते.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती, आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. रुबीनाचा मोठा भाऊ अफजलभाई आखातात एका बंदरात टग बोटीवर आहे. टग म्हणजे ती बुटकी दणकट बोट, जी इमारतीएवढ्या जहाजांना दोरी लावून अरुंद वाटेने आत नेते. त्याने फोनवर अट घातली होती. अब्बांना दिसत नाही, रहमत विकून टाकू, अब्बा-अम्मी मुंब्र्याला माझ्या घरी राहतील. चाचा म्हणाले, नाव रुबीना बघेल. अफजलभाई हसला. मग म्हणाला, “ठीक हाय. नाव हाकायला भाड्याचा तांडेल न घेता, दांड्यावर न टेकवता, ती नाव आत आणून दाखवा. टेकली तर त्याच दिवशी गिऱ्हाईकाला होव म्हणून सांगणार मी.”

मुंब्र्याला! ज्या माणसाला पाय सोडायला खाडी लागते त्याला चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसवायचं, समोर दुसऱ्याची गॅलरी. रुबीनाने हे मला सांगितलं तेव्हा ती जाळ्याची गाठ मारत होती, आणि ती गाठ तिने तीनदा सोडून परत मारली.

आता माझ्या शहाणपणाकडे येते.

घरामागे नावेचं सामान ठेवायची खोप होती. तिथे एका फळीवर रुबीना रोज संध्याकाळी खडूने एक रेघ मारायची. आधी चाचा मारायचे, ऑपरेशननंतर हे काम तिच्याकडे आलं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “चांदाच्या रेघा. संध्याकाळी मारलेली रेघ दुसऱ्या दिवसाची. अब्बा यावरून पाणी काढतात.” मला काय आनंद झाला! सरांचा हिशोब, जिवंत, फळीवर! नाव आत आणायच्या आदल्या संध्याकाळी चौदावी रेघ पडली. मी वहीत लिहिलं: चौदाची पाऊणपट साडेदहा. रुबीनाला म्हटलं, “उद्या साडेदहाला दांड्यावर पाणी माथ्याला असणार.” तिने विचारलं, “नक्की ना?” मी म्हटलं, “अगं, गणित आहे!” फोन दोघींनी अम्मीच्या डब्यात टाकलेले, कॅलेंडर बघायचं नाही असं ठरलेलं, आणि सुट्टीत वार-तिथी कुणाला लक्षात असते. चाचांना मी वेळ सांगितली तेव्हा ते गॉगल पुसत होते. पुसत पुसत थांबले. मग म्हणाले, “साडेधा? बरं. साडेधा.”

सकाळी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर आमचं पथक बघून लोकांची करमणूक झाली. कुणीतरी ओरडलं, “काय नाखवा, आज दोन दोन कॅप्टन?”

“मी पाशिंजर हाय,” चाचा म्हणाले. “तिकीट काढलंय.”

“डॉक्टरनं पाण्यात जायला बंदी केलीय ना तुमाला?”

“पाण्यात केलीय. पाण्यावर नाय.”

रुबीना सुकाणूला, मी मध्ये, चाचा पुढे दोरीच्या वेटोळ्यावर मांडी घालून. बंदरातून बाहेर पडलो आणि उजव्या हाताला रत्नदुर्ग, पाण्यात घुसलेल्या डोंगरावर, त्याचा बुरूज उन्हात काळा. मी शाळेच्या सहलीत तो किल्ला वरून पाहिला होता, भजी खात. खालून, समुद्रातून, नावेतून पहिल्यांदा बघत होते. आणि खालून तो किल्ला तुमच्याकडे बघतो! त्याला बांधणाऱ्यांनी तो आपल्यासाठी बांधलाच नव्हता, खालून येणाऱ्यासाठी बांधला होता. माझ्या हातांवर काटा आला. मग मला सगळी रांग दिसायला लागली. शास्त्री नदीच्या तोंडावर जयगड, मुचकुंदीच्या तोंडावर पूर्णगड, प्रत्येक खाडीच्या दारात एक एक दगडी राखणदार. आणि दाराच्या आत काय? आत वळणं घेत गेलेलं पाणी. शास्त्रीतून भरतीबरोबर छोटी गलबतं पार संगमेश्वराच्या बाजूला सरकायची म्हणतात. समुद्रापासून इतकं आत, जिथे माणसाला वाटेल आता समुद्राचा काय संबंध!

मी हे सगळं मोठमोठ्याने रुबीनाला सांगत होते. ती म्हणाली, “मुक्ते, गप. पाण्याचा रंग बघू दे.”

काळा समुद्र मागे पडला. म्हणजे मांडवीचा किनारा, तिथली वाळू काळी. पुढे भाट्याची सुरूची झाडं दिसली, आणि मधे खाडीचं तोंड. लाटा मागून येत होत्या, लांबट, सुस्त, पण पोटात जोर असलेल्या. वारा फिरला होता. साडेदहा वाजले असावेत, घड्याळ कुणाकडेच नव्हतं. रुबीनाने नाव सरळ तोंडात घातली.

आणि रहमत थांबली.

आपटली वगैरे नाही. कुणीतरी खालून हात लावावा तशी थांबली. मग मागून लाट आली, तिने आम्हाला उचललं आणि खाली ठेवलं. ठाप्. लाकडाचा तो आवाज कानातून नाही, दातांतून ऐकू येतो. इंजिनाचा आवाज घोगरा झाला, मागचं पाणी एकदम पिवळं. “पंखा वाळू खातोय,” रुबीना ओरडली आणि तिने इंजिन बंद केलं. मग एकदम शांतता. नुसती लाट, ठाप्, लाट, ठाप्.

टेकली. रहमत टेकली. माझ्या डोक्यात मुंब्र्याची गॅलरी उभी राहिली. मी म्हणाले, “पण चौदाची पाऊणपट साडेदहाच होते...” वहीतलं गणित कसं मरतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

नाव हळूहळू फिरायला लागली होती. पुढचं टोक वाळूत अडकलेलं, मागचं मोकळं, आणि प्रत्येक लाट त्या मागच्या टोकाला थोडं थोडं बाजूला ढकलत होती. आडवी झाली असती तर पुढची लाट कुशीवर बसली असती, आणि मग संपलंच. चाचा मागे वळलेसुद्धा नाहीत. एवढंच विचारलं, “रुबी, लाट कुठून येते?”

“मागनं.”

“मग मागनं कोण धरलंय तुला?”

रुबीनाने मान वळवून मागची लाट बघितली. मी तिच्याकडेच बघत होते, मला तो क्षण आजही दिसतो, ओढणी कमरेला खोचलेली, ओठ मिठाने पांढरे. मग ती पुढे धावली, तिथला नांगर उचलला, माझ्या अंगावरून ओलांडून मागे आली आणि जोर लावून मागच्या बाजूला, येणाऱ्या लाटांकडे, फेकला. “धर!” दोरी माझ्या हातात. “ताठ झाली की सोडू नको, आणि लाट आली की जराशी दे. ओढून धरू नको मेले, हात तुटतील.” दोरी ताठ झाली. माझे तळवे सोलले, मी किंचाळले, पण नावेचं मागचं टोक लाटेसमोर सरळ झालं आणि सरळ राहिलं. लाट यायची, आमच्या पाठीखालून जायची, उचलायची, ठेवायची. ठाप्. पण आडवी नाही.

“आता?” मी विचारलं.

“आता बसा,” चाचा म्हणाले. “पाणी चढतंय.”

पाऊण तास बसलो. आणि खरं सांगू? तो पाऊण तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा इतिहासाचा तास आहे. हाताची आग होतेय आणि मी त्या दांड्यावर बसून सगळं आरमार बघतेय! आमच्या मागे, तिथे, जिथून आम्ही आलो, तिथे मी एक परदेशी जहाज उभं केलं. उंच डोलकाठ्या, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा, आणि पोट खोल, बरंच खोल. त्याच्या पुढे पळणाऱ्या मराठ्यांच्या गुराबा आणि गलबतं, उथळ तळाची, वल्ह्यांवर चालणारी. मोकळ्या समुद्रात ते जहाज त्यांचा चुरा करेल. म्हणून ते त्याच्या कुशीसमोर जातच नाहीत. वारा पडायची वाट बघतात, वल्ही मारत त्याच्या मागच्या बाजूला जातात, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे मारतात, आणि अंगावर आलं की सुसाट खाडीकडे. भरतीच्या माथ्यावर दांडा ओलांडून आत. पाठलाग करणाऱ्याला काय दिसतं? रुंद, चकाकतं, निवांत पाणी. त्याच्या नकाशात इथे काही नाही. तो आत घुसतो, आणि जिथे आत्ता मी बसलेय तिथे बसतो. पण त्याला पोहोचायला उशीर झालेला असतो, आणि पाणी उतरायला लागलेलं असतं!

एक वीत. एवढाच फरक. एवढ्या मोठ्या सत्ता, एवढी दारू, एवढं लोखंड, आणि सगळ्याचा निकाल एक वीत पाण्यावर. ते पाणी कधी येतं आणि कधी जातं हे ज्याला पोटातून ठाऊक, समुद्र त्याचा. मी शहारले. शाळेत आम्ही किल्ल्यांची लांबी-रुंदी पाठ केली. खरा कोट तर पाण्याखाली होता, रोज दोनदा दिसेनासा होणारा, आणि त्याची किल्ली कुणाच्या तरी डोक्यात, पाढ्याच्या रूपात.

मग रहमत एकदा उचलली गेली आणि तो ठाप् आलाच नाही.

आम्ही तिघंही त्या न आलेल्या आवाजाकडे कान लावून होतो. पुढची लाट आली, तेव्हाही नाही. रुबीनाने नांगर ओढला, इंजिन खोकलं, आणि आम्ही दांड्यावरून इतक्या अलगद आत सरकलो की जणू काही झालंच नव्हतं. आतलं पाणी तेलासारखं गुळगुळीत. एक ढोकरी पुलाच्या दिशेने उडत गेली. चाचांनी बिडी पेटवली.

“सव्वाअकरा,” ते म्हणाले. “पुनवेला सव्वाअकरा. माज्या बापाला पन सव्वाअकराच होती.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. “पुनव? आज चौदा आहे ना, चाचा? रेघा चौदा आहेत.”

“रेघा चांद दिसल्यापासनं मारतात गो, मास्तरीण. आवसेनंतर चांद एक दिवस लेट दिसतो. तुमची तिथी आधीच चालू झालेली असते. रेघांत एक मिळवायची, मग पाऊणपट. तुमच्या सरांनी तिथी सांगितली, आमच्या फळीवर चांद हाय. दोघं बरोबर. मधली एक कोनी घालायची?”

एक! पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मी दुसऱ्याच्या फळीवर माझं सूत्र लावलं होतं.

रुबीनाचा चेहरा हळूहळू तापत गेला. “अब्बा. म्हणजे तुम्हाला कालच माहीत होतं.”

“होव.”

“आणि भाईची अट माहीत होती.”

“होव.”

“मग बोलला का नाय?”

चाचांनी गॉगल काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल, पाणावलेला, आणि त्याच डोळ्याने ते तिच्याकडे बघायचा प्रयत्न करत होते. “तुम्ही बारा बोलला असतात तर मी नाव सोडूच दिली नसती. दांड्यावर सगळ्यांनाच एकदा टेकायचं असतं, रुबी. चढत्या पाण्यावर टेकलीस तर पाणीच उचलतं, बसायचं आणि शिकायचं. उतरत्यावर टेकलीस की खलास. मी हाय तोवर चढत्यावर टेकवून घेतली तुला.”

रुबीना रडली नाही, तिने सुकाणू जरा जास्तच जोरात वळवलं आणि चाचा वेटोळ्यावरून घसरले. “आय गो,” ते म्हणाले, आणि खूश दिसले.

काठावर आल्यावर शेजारपाजारचे लोक आले, दोरी लावली, हैश्या हैश्या करत रहमत वर चढवली. तिचे तळाचे दोन टवके उडाले होते, बस. आणि तेवढ्यात अम्मी फोन घेऊन आली. अफजलभाईचा व्हिडिओ कॉल. केशरी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, मागे क्रेन.

“टेकली काय?” पहिला प्रश्न.

मी पुढे घुसले. “अफजलभाई, माझी चूक आहे, मी गणित...”

“गप गो,” चाचा म्हणाले. आणि फोनकडे तोंड करून, जरा चुकीच्या कोनात, कारण त्यांना स्क्रीन दिसत नव्हती, ते म्हणाले, “टेकली. पाऊण तास टेकली होती.”

तिकडे नुसता क्रेनचा घरघराट. अम्मीने पदर तोंडाला लावला. मी रहमतकडे बघितलं, तिच्या तळातून अजून पाणी ठिबकत होतं.

“आडवी झाली?” अफजलभाईने विचारलं.

“नाय.”

“पाऊण तास दांड्यावर, ह्या वाऱ्यात, आणि आडवी झाली नाय? कशी?”

“मागनं नांगर टाकला,” रुबीना म्हणाली.

“अब्बांनी सांगितलं टाकायला?”

“सांगितलं नाय. विचारलं फक्त, लाट कुठून येते.”

तो माणूस रोज मोठाली जहाजं चिंचोळ्या वाटेतून ओढतो. काही वर्षांपूर्वी एक अजस्र जहाज कालव्यात आडवं झालं आणि सगळ्या जगाचा व्यापार खोळंबला, तेव्हा आम्ही कॉलेजात त्याच्यावर विनोद करत होतो. अफजलभाई तेव्हा हसला नव्हता, असं रुबीना म्हणते. आडवं होणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक. तो स्क्रीनवर बहिणीकडे बघत राहिला. मग हेल्मेट सारखं केलं.

“ताडपत्रीच्या दोऱ्या उत्तरेकडनं दुहेरी बांध,” तो म्हणाला. “मागल्या पावसात तिकडनंच पाणी गेलं होतं.” आणि फोन ठेवला.

कुणाला कळेना याचा अर्थ काय. चाचांना कळला. “ताडपत्रीवर आला,” ते म्हणाले. “म्हणजे राहिली नाव.”

मग त्यांनी मला खोपीत नेलं आणि हातात खडू दिला. “तुजी रेघ तू मार.” सोललेल्या बोटांनी मी फळीच्या कोपऱ्यात, त्या चौदा रेघांपासून लांब, पंधरावी रेघ मारली. तिरकी आली. “राहू दे,” चाचा म्हणाले, “माणूस तिरकाच हाय.”

मी प्रकल्पात तोफांचं एक चित्र नाही काढलं. रेघांबद्दल लिहिलं. लिहिताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या आरमारात कोळी होते, भंडारी होते, खारवी होते, किनाऱ्यावरचे मुसलमान दर्यावर्दी होते. एकाच नावेवर एक जण तिथी मोजणार, दुसरा चांद. आणि तरी सगळ्यांची गलबतं एकाच माथ्यावर दांडा ओलांडायची! म्हणजे रोज कुणीतरी ती मधली एक मिळवत होतं. त्याचं नाव कुठल्या कागदात नसेल, त्याला कुणी सेनापती म्हणणार नाही. पण मला वाटतं आरमार त्याच्यावर तरंगत होतं.

आताही मी बातम्यांत वाचते, अमक्या सामुद्रधुनीत जहाजं अडली, तमक्या देशाने एवढ्या युद्धनौका पाठवल्या. टीव्हीवर नकाशे, लाल बाण. माझं डोकं लगेच खाली जातं, पाण्याखाली. तिथे तळ कसा आहे? पाणी चढतंय की उतरतंय? आणि तिथल्या कुठल्या तरी ओटीवर गॉगल लावून बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी विचारलंय का? मोठमोठ्या सत्तांनी चुका केल्या, त्या बहुतेक उतरत्या पाण्यावर केल्या, असं मला आपलं वाटतं. पाणी निघून चाललेलं असताना ते नकाशा बघत बसले.

फोन थरथरला. रुबीना. ‘उद्या आणतेय आत. अब्बा काठावर खुर्ची टाकून बसणार. दोन्ही डोळ्यांनी चुका काढणार म्हणतायत.’

मी फटाफट टाइप केलं, ‘एक मिळवलीस ना??’

‘फोटो नीट बघ गो, मास्तरीण.’

मी फोटो परत उघडला, दोन बोटांनी मोठा केला. चौदा रेघा, ताज्या, पांढऱ्या, तिच्या सरळ हाताच्या. आणि पार कोपऱ्यात, लांब, एक जुनी, धुरकट, तिरकी. दर नव्या चांदाला ती फळी ओल्या फडक्याने पुसतात. तीन वर्षं पुसतायत. तेवढी एक जागा सोडून.